अ‍ॅस्पिरिनचा आयआर: पेलेट करण्यापासून पीक वाचण्यापर्यंत

सॅलिसिलिक आम्लाचे अ‍ॅसिटिलेशन (म्हणजे त्याला अ‍ॅसिटिल गट जोडून अ‍ॅस्पिरिन बनवणे) झाले की नाही, हे आयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या तपासणीत) मुख्यतः कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) पिकांवरून, म्हणजे आलेखावर शोषण दाखवणाऱ्या खाचांवरून, ठरते. पण पेलेट (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेली चकती) ओलसर असेल तर स्पेक्ट्रमवर (त्या आलेखावर) विसंबता येत नाही, म्हणून आधी तिच्याकडे लक्ष द्या.

पोटॅशियम ब्रोमाइड 110 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास सुकवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा. अ‍ॅस्पिरिन मात्र ओव्हनमध्ये ठेवू नका. ओल आणि उष्णता एकत्र आली की ते पुन्हा सॅलिसिलिक आम्लात मोडू लागते. ते डेसिकेटरमध्येच सुकवा.

1 ते 2 मिग्रॅ नमुना अ‍ॅगेटच्या खलात आधी एकटाच बारीक घोटा, मग 200 मिग्रॅ ब्रोमाइड घालून झटपट मिसळा. जास्त वेळ घोटत बसलात तर ब्रोमाइड हवेतली ओल ओढते. 13 मिमीच्या डायमध्ये (साच्यात) 8 ते 10 टन दाब दोन मिनिटे द्या. पेलेट आरपार दिसायला हवी. दळण जाड राहिले तर प्रकाश विखुरतो आणि बेसलाइन (आलेखाची पायारेषा) 4000 प्रति सेंमीच्या बाजूला खाली झुकते. पिकांचे तळ चपटे आले तर नमुना जास्त झाला. 3400 आणि 1640च्या आसपास फुगवटे दिसले तर ते पाणी. 2350 जवळची जोडी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचे मोजमाप) पुन्हा घ्या.

बंध स्प्रिंगसारखा कंप पावतो: तो जितका ताठ आणि अणू जितके हलके, तितकी तरंगसंख्या (प्रति सेंमी लहरींची संख्या, आलेखावरचे आकडे तेच) जास्त. कंपनात डायपोल मोमेंट (विद्युतभाराच्या विषम विभागणीचे माप) बदलला तरच शोषण होते. कार्बोनिलमध्ये तो खूप बदलतो, म्हणून त्याचा पीक एवढा ठळक.

आता 1800 ते 1650 प्रति सेंमी हा भाग पाहा. अ‍ॅस्पिरिनमध्ये दोन पीक हवेत: 1750 जवळ एस्टर, 1690 जवळ आम्ल. सॅलिसिलिक आम्लात एकच, 1660 जवळ, कारण शेजारच्या फिनॉलिक ओएचशी (बेंझीन वलयाला जोडलेल्या ओएच गटाशी) झालेला हायड्रोजन बंध कार्बोनिल सैल करतो. त्या ओएचचा पीक 3240 जवळ येतो. 3300 ते 2500 मधला रुंद पसारा पाहून घाबरू नका, तो आम्लाच्या डायमरचाच (जोडीने बांधलेल्या रेणूंचा). 1605चा पीकही बेंझीन वलयाचा, भेसळीचा नव्हे.

1660ला खांदा (शेजारच्या पिकाला चिकटलेला फुगवटा) आणि 3240ला पीक दिसला तर सॅलिसिलिक आम्ल उरले आहे, पुनर्स्फटिकीकरण करा. एक-दोन टक्के अवशेष आयआरमध्ये सहसा लपतो. त्यासाठी फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, जांभळा रंग आला की फिनॉलिक ओएच असलेले सॅलिसिलिक आम्ल उरले आहे.