विहिरीच्या पाणीपातळीची नोंद वीस वर्षे कशी टिकवावी

जुन्या वहीत आकडे सापडतात, पण ते कठड्यापासून मोजले की जमिनीपासून, हे कुठेच लिहिलेले नसते. अशी वही असून नसल्यासारखीच. म्हणून सुरुवात विहिरीच्या काठापासून करा.

कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने बाण काढा. दर वेळी तिथूनच टेप सोडायचा. बाणापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून ठेवा. पाणी बाणापासून ६.४० मीटर खाली आणि कठडा ०.७५ मीटर असेल, तर जमिनीपासूनची खोली ५.६५ मीटर. पुढे कोणी कठडा ३० सेंटिमीटरने वाढवला आणि तुम्ही वजाबाकी जुन्याच उंचीची करत राहिलात, तर पाणी जागचे हललेले नसतानाही पातळी ३० सेंटिमीटर खाली गेलेली दिसेल. कठड्याची उंची ज्या तारखेपासून लागू, त्या तारखेसह वेगळ्या फाइलीत लिहा.

विहिरीला क्रमांक द्या. नुसत्या मालकाच्या नावावर विसंबू नका. वाटण्या होतात, जमिनी विकल्या जातात. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा, म्हणजे जागा साधारण मीटरभराच्या अचूकतेने नोंदली जाते.

मोजणी सकाळी, मोटार सुरू होण्याआधी करा. रात्रीच्या विजेवर मोटार चालली असेल तर शेऱ्यात तसे लिहा. ती पातळी उपशामुळे खाली गेलेली असते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. निदान हे चार महिने चुकवू नका, म्हणजे तुलना करता येईल. पाऊस रोज सकाळी ८.३० वाजता मोजा, हवामान खात्याची वेळ तीच आहे.

संगणकावर तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा आणि अंक इंग्रजी ठेवा. ०३/०६ ही तारीख एका संगणकाला ३ जून वाटते, दुसऱ्याला ६ मार्च. मग पावसाळ्याच्या तोंडाची नोंद उन्हाळ्यात जाऊन बसते. फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून, यूटीएफ-८ (मराठीसह सर्व लिप्या साठवणारी अक्षरांची संकेतपद्धत) मध्ये साठवा, नाहीतर मराठी शेरे वाचता येणार नाहीत.

रिकाम्या रकान्याबाबत फार जपा. पाऊस ०, म्हणजे मोजला पण पडला नाही. रिकामे, म्हणजे मोजलाच नाही. विहीर आटली असेल तर खोली रिकामी सोडून शेऱ्यात ‘कोरडी’ लिहा. सरासरी काढताना मात्र किती विहिरी कोरड्या होत्या ते सोबत द्याच. त्या गाळल्या की फक्त पाणी असलेल्या विहिरी उरतात आणि दुष्काळाचे वर्ष होते त्यापेक्षा बरे दिसते.

मूळ नोंद कधीही खोडू नका. शंकास्पद आकड्याची दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कारण आणि तारखेसह करा. तीन प्रती ठेवा: संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि गावाबाहेर कुठेतरी. दरवर्षी जूनच्या आधी प्रत्येक प्रत उघडून ओळी मोजा. आकडा जुळला नाही तर कागदी वही काढून ताडून पाहा.