महागाईच्या दरावरून क्रयशक्ती कशी काढायची

महागाईचा दर ६ टक्के आला की पैशाची किंमतही ६ टक्क्यांनी घटली, असं बरेच जण धरून चालतात. हिशेब चुकतो तो इथेच. किमती गुणाकाराने चढतात, म्हणून क्रयशक्ती, म्हणजे पैशाची खरेदी करण्याची ताकद, भागाकारानेच काढायची.

सुरुवात ग्राहक किंमत निर्देशांकापासून, म्हणजे घरगुती खर्चातल्या वस्तू-सेवांच्या भावांची एकत्रित पातळी दाखवणाऱ्या आकड्यापासून करा. गेल्या वर्षी याच महिन्यात तो १५० होता आणि आता १५९ आहे, असं समजू. १५९ ला १५० ने भागलं की १.०६ येतात, म्हणजे वार्षिक दर ६ टक्के. निर्देशांक ९ अंकांनी वाढला, ९ टक्क्यांनी नव्हे. ही गफलत फार होते. आता उलटं भागा: १५० भागिले १५९, उत्तर ०.९४३. वर्षभर नुसती पडून राहिलेली १००० ची रोकड आज गेल्या वर्षीच्या ९४३ इतकंच काम करते. घट ५.७ टक्के. दर ५० टक्के असेल तर क्रयशक्ती एक तृतीयांशाने घटते, १०० टक्के असेल तर निम्मी होते.

अनेक वर्षांचे दर कधीही बेरजेत धरू नका. ५, ८ आणि ४ टक्क्यांची बेरीज १७ होते, पण १.०५ × १.०८ × १.०४ केलं की वाढ १७.९ टक्के निघते. सलग १० वर्षं ६ टक्के दर राहिला तर भाव १.७९ पट होतात आणि न वाढणाऱ्या पेन्शनची क्रयशक्ती ५६ टक्क्यांवर येते. अशा पेन्शनवर जगणाऱ्याचं जवळजवळ अर्धं उत्पन्न एक पैसाही कापला न जाता गेलेलं असतं.

मधेच आधारभूत वर्ष (ज्या वर्षीचा निर्देशांक १०० धरतात ते) बदललं असेल तर जुना आणि नवा निर्देशांक थेट भागू नका. दोन्ही मालिकांत असलेला एक महिना शोधा. त्यात जुना १८० आणि नवा १०० असेल, तर नव्या मालिकेचे आकडे १.८ ने गुणून मगच तुलना करा.

पगारालाही हाच नियम. वाढ ८ टक्के, महागाई ६ टक्के, तर १.०८ भागिले १.०६, खरी वाढ १.९ टक्के. ठेवीच्या व्याजातून आधी कर वजा करा, मग भागा. आणि दर ८ वरून ४ वर आला म्हणजे स्वस्ताई आली असं नाही. भाव चढतच असतात, फक्त चाल मंदावते.

जाहीर आकडा सरासरी कुटुंबाचा असतो, तेव्हा स्वतःचाही दर काढा. समजा भाडं १० टक्क्यांनी आणि बाकी सगळं ३ टक्क्यांनी वाढलं. निर्देशांकात भाड्याचा भारांक, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, २० टक्के असेल तर दर ४.४ येतो. पण तुमच्या खर्चातला ४० टक्के वाटा भाड्याचा असेल, तर तुमची महागाई ५.८ टक्के. पगारवाढ ५ टक्के मिळाली असेल, तर कागदावर तुम्ही फायद्यात आणि प्रत्यक्षात तोट्यात आहात.