आर्ट सर्कलची सूत्रं फेब्रुवारीत सोपवा

पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत आर्ट सर्कलचा, म्हणजे नाटक-कला करणाऱ्या विद्यार्थी मंडळाचा, सेक्रेटरी जूनच्या आसपास बदलतो. ओरल्स संपलेल्या असतात, बीईची (शेवटच्या वर्षाची) मंडळी खोल्या रिकाम्या करत असतात आणि त्या गडबडीत कुणीतरी कुणाला तरी सांगतं, "आता तू बघ." झालं हस्तांतर. पाठोपाठ पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे अर्ज येतात, मग लॉट्स म्हणजे सादरीकरणाच्या क्रमाच्या चिठ्ठ्या, आणि ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी. कालपर्यंत ज्याला फक्त स्वतःचा रोल पाठ होता, त्याने एवढ्या वेळात संहिता ठरवायची, लेखकाचं परवानगीपत्र आणायचं, तालमीसाठी हॉल मिळवायचा, पैसे उचलायचे आणि एकांकिका उभी करायची. पद हातात घ्यायला वर्षातला याहून वाईट महिना शोधूनही सापडणार नाही.

त्यात इंजिनिअरिंगचं वेळापत्रक आणखी भर घालतं. सेक्रेटरी सहसा टीईचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा असतो. जुलैत तो बीईला जातो आणि त्याच सुमारास प्लेसमेंट सुरू होतात. माणूस कॉलेजातच असतो, पण ॲप्टिट्यूड टेस्टच्या दिवशी त्याला "लाइटवाल्यांचा नंबर देतोस का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. पास झालेले बंगळुरू-हैदराबादला पोहोचलेले असतात. दुसऱ्या टोकाला, एफईचे (पहिल्या वर्षाचे) प्रवेश ऑगस्टमध्ये पूर्णही झालेले नसतात. त्यामुळे ऐन पुरुषोत्तमच्या वेळी सगळा भार एसईवर म्हणजे दुसऱ्या वर्षावर, फार तर नुकत्या टीईला गेलेल्या चारदोन जणांवर येतो. ही अडचण दर वर्षी त्याच तारखांना येते, तरी आपण दर वर्षी तिला दचकतो.

माझी बॅच 2020ची. आमचं पहिलं वर्ष लॅपटॉपच्या पडद्यावर गेलं. राज्यातली कॉलेजं प्रत्यक्ष सुरू व्हायला 20 ऑक्टोबर 2021 उजाडला, आणि जानेवारीत ती पुन्हा काही काळ बंद झाली. तोवर ज्यांनी करंडकाच्या तालमी केल्या होत्या त्यातले बरेच जण पदवी घेऊन गेले होते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही पुरुषोत्तम स्पर्धा 1963 सालापासून चालू आहे, पण आमच्यापैकी अनेकांनी "अरे, आवाज कुणाचा" ही आरोळी पहिल्यांदा ऐकली ती यूट्यूबवर. नेपथ्याचे फ्लॅट कुठे ठेवलेत, कपाटाची किल्ली कुणाकडे, हॉलचं पत्र कुणाच्या नावे लिहायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. 2022च्या अंतिम फेरीत एकही संघ मुख्य करंडकाच्या पात्रतेचा नाही असा निकाल परीक्षकांनी दिला, तेव्हा केवढी चर्चा झाली होती. निकाल योग्य होता की नाही ते बाजूला ठेवू. कॉलेजच्या रंगमंचावर बरंचसं शिकणं वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे तालमीतच जातं, आणि ती साखळी तुटली की काय होतं हे त्या सुमारास सगळ्यांनाच कळलं, असं माझं मत आहे.

म्हणून आम्ही सेक्रेटरी बदलण्याची वेळ बदलली. आमच्याकडे आता हे काम फेब्रुवारीच्या आसपास, फिरोदिया करंडक या दुसऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीत होतं. फिरोदियात नाटक, नृत्य, संगीत, चित्र, शिल्प असं सगळं एकाच सादरीकरणात गुंफायचं असतं, म्हणून माणसं खूप लागतात. तोपर्यंत एफईची मुलं रुळलेली असतात, एसईवाले एक पुरुषोत्तम पाहून आलेले असतात आणि जुना सेक्रेटरी अजून टीईतच, म्हणजे हाताशी असतो. अशा वेळी पुढच्या वर्षी ज्याच्याकडे सूत्रं जातील असं वाटतं, त्याच्याकडे एक अख्खं खातं सोपवायचं. सगळी नेपथ्याची बाजू, किंवा सगळा हिशेब. "मदत कर" म्हणून नाही सोपवायचं. निर्णय त्याचा, बिलं त्याच्या हातची, आणि थर्मोकोल कमी पडलं तर धावपळही त्याचीच. जुन्याने शेजारी उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं फार अवघड जातं. पद मार्चमध्ये जाहीर झालं, तरी काम आधीच हातात गेलेलं असतं.

कुणाला द्यायचं, यावर दर वर्षी भांडणं होतात. माझा सल्ला सरळ आहे: उत्तम नट किंवा उत्तम दिग्दर्शक सेक्रेटरी करू नका. तो ऑगस्टमध्ये तालमीत अडकलेला असणार, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी अकाउंट्सच्या खिडकीवर उभं असायला हवं. बॅकस्टेज केलेल्यांकडे बघा. प्रयोगाच्या दिवशी प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची यादी ज्याच्या खिशात असते आणि प्रयोग संपल्यावर टेम्पो भरेपर्यंत जो थांबतो, तो मुलगा किंवा ती मुलगी बहुतेक वेळा बरोबर ठरते. स्टेजवर चमकलेल्याला डावललं म्हणून आठवडाभर रुसवाफुगवी होईल. होऊ दे.

पद एकाच वर्षाचं ठेवा. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली लागू केल्या. त्यांत विद्यार्थी निवडणुकीत पदाधिकारी होण्यासाठी उभं राहायची संधी एकदाच मिळते. आर्ट सर्कलला हा नियम लागू नाही, पण आम्ही तो उसना घेतला आणि बरं झालं. दोन वर्षं एकच माणूस राहिला की मधली अख्खी बॅच कोरडी जाते.

आता पैशांचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या सेक्रेटरीला रडवतो तो हिशेबच. कॉलेजमध्ये बहुधा जिमखान्यातून किंवा विद्यार्थी निधीतून उचल मिळते. ती कुणातरी प्राध्यापकांच्या नावे निघते, खर्च विद्यार्थी करतात आणि बिलं जमा झाल्यावर उचल मिटते. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. फिरोदियाची उचल तोवर मिटली नाही, तर पुढच्या वर्षीच्या पुरुषोत्तमसाठी सर नव्याने सही करायला बिचकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. एका वर्षी आमच्याकडच्या कपड्यांच्या भाड्याची पावती कच्ची होती: नुसता आकडा आणि खाली कसलंसं वेटोळं. ती परत आली. देणारा दुकानदार बदललेला, आणणारा मुलगा इंटर्नशिपला गेलेला. नव्या सेक्रेटरीला तो खर्च कशाचा होता हेही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. जुन्या सेक्रेटरीच्या काळातलं एकही बिल नव्याकडे जायचं नाही. बिलावर कॉलेजचं नाव, तारीख आणि क्रमांक हवा, दुकानदार नोंदणीकृत असेल तर जीएसटी क्रमांकही. ज्याने सामान आणलं त्याने मागे सही करायची. हिशेबाची वही दोघांनी शेजारी बसून वाचायची आणि कुणाचं देणं राहिलं असेल तर ते शेवटच्या पानावर लिहायचं. स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे तर नक्की लिहा. "जाऊ दे, नंतर बघू" म्हणून सोडलेले पैसे विसरले जात नाहीत. ते दोन वर्षांनी कुणाच्यातरी लग्नात टोमणा होऊन बाहेर येतात.

फाइल्सचा घोळ वेगळाच असतो. संहिता, संगीताचे ट्रॅक, लाइटच्या क्यू शीट, फोटो हे सगळं कुणाच्यातरी कॉलेजच्या ईमेलच्या ड्राइव्हवर असतं. तो पास झाला की काही महिन्यांत कॉलेज ते खातं बंद करतं आणि फोल्डर गायब होतं. संस्थेच्या खात्यावरच्या फाइलची मालकी बाहेरच्या खाजगी जीमेलला देता येत नाही, प्रत काढून घ्यावी लागते. त्यामुळे मे उजाडायच्या आत प्रती काढा. सर्कलच्या नावाचं एक जीमेल ठेवा आणि त्याला जोडलेला फोन नंबर दर वर्षी बदला. इन्स्टाग्रामचंही तेच. पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, पण लॉगिन करायला गेलं की ओटीपी जातो पुण्याबाहेर गेलेल्या दादाच्या मोबाइलवर, आणि दादा मीटिंगमध्ये असतो. नव्याच्या फोनवर लॉगिन होऊन, जुन्याच्या फोनवरून लॉगआउट झालं, की मगच ते सोपवलं असं समजायचं.

माणसांची ओळख मात्र कुठल्याही ड्राइव्हवर ठेवता येत नाही. रात्री हॉल बंद करणारे मामा, अकाउंट्समधल्या मॅडम, लाइटवाले काका, नेपथ्य वाहून नेणारा टेम्पोवाला, मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर. कागदावर यांचे फक्त नंबर येतात. मामांना तालीम संपायची वेळ आधी सांगितलेली आवडते, मग अर्धा तास उशीर झाला तरी ते चालवून घेतात. न सांगता पाच मिनिटं वर गेली तर दिवे बंद. रेक्टर मॅडमना उशिरा येणाऱ्या मुलींची नावानिशी यादी सरांच्या सहीने लागते, आणि ती आदल्या दिवशी द्यावी लागते. हे वहीत लिहून ठेवता येतं, आम्ही लिहितोही. पण जुन्या सेक्रेटरीने नवीला स्वतः घेऊन जावं, "मामा, आता पुढच्या वर्षी ही बघणार आहे," असं तिच्यासमोर सांगावं, आणि पुढच्या वेळी मामांनी जुन्यालाच फोन केला तर त्याने तो नवीकडे वळवावा. जुन्याने तो फोन स्वतःच निस्तरला, तर मामांच्या लेखी सेक्रेटरी कधीच बदलत नाही.

तुम्ही सूत्रं घेणारे असाल, तर वाट बघत बसू नका. जानेवारीतच जाऊन विचारा, "दादा, यंदाचा हिशेब मी लिहू का?" बहुतेक सेक्रेटरी तेव्हा इतके दमलेले असतात की लगेच हो म्हणतात. पहिल्याच महिन्यात सगळं बदलायच्या फंदात पडू नका. निदान एक पुरुषोत्तम जुन्या पद्धतीने पार पाडा. काही प्रथा मूर्खपणाच्या वाटतात, आणि त्यातल्या काही खरंच मूर्खपणाच्या असतात. पण प्रयोगाच्या आदल्या रात्री टेम्पो भरून ठेवायचा, सकाळी नाही, यामागे कुणीतरी कधीतरी सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असतं. कारण विचारून घ्या आणि मग मोडा.

आणि जाणाऱ्यांनो, तालमीला या, पण बोलावल्यावर. वीकेंडला पुण्यात आलोय म्हणून हॉलच्या मागच्या खुर्चीवर बसून "आमच्या वेळी हा पॉज असा नव्हता" असं म्हणणाऱ्या सीनियरचं सगळे ऐकून घेतात, कारण त्याला दादा म्हणायची सवय असते. मग दिग्दर्शन करणाऱ्या एसईच्या मुलीकडे कुणी बघतच नाही. आमच्याकडे आता ठरलेलं आहे. माजी मंडळींसाठी रंगीत तालमीच्या आधीचा एक रनथ्रू असतो. तो संपल्यावर ज्याला जे सांगायचं ते त्याने फक्त दिग्दर्शकाला सांगायचं, नटांना नाही. कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं ते ती ठरवते. त्या दिवशी चहा आणि वडापावचा खर्च माजी मंडळींचा. त्याचं बिल कुणी मागत नाही.