सरकारी शाळांच्या पटाचे आकडे ताडून पाहताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

२०२५ च्या ऑगस्टात केंद्राचा शिक्षणावरचा सॅम्पल सर्व्हे आला आणि दोन दिवसात आमच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागला, देशात फक्त ५५.९ टक्के मुलं सरकारी शाळेत, म्हणजे बाकीची ४४ टक्के पोरं शाळेच्या बाहेर, बोला आता! टाकणारा चांगला शिकलेला माणूस बरं का, आणि खाली तीस-चाळीस जणांनी हात जोडलेले, रडणारे चेहरे टाकलेले. राजेहो, ते ५५.९ हे शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी आहे. बाकीची मुलं पण शाळेतच आहेत, फक्त ती शाळा सरकारी नाही.

पहिली चूक इथेच होते. किती मुलं शाळेत नोंदलेली आहेत हा एक प्रश्न, आणि नोंदलेल्यांपैकी किती सरकारी शाळेत आहेत हा दुसरा. असर (प्रथम संस्थेचा गावोगावचा शिक्षणाचा सर्व्हे) २०२४ मधे ग्रामीण भारतातली ६ ते १४ वयाची ९८.१ टक्के मुलं शाळेत नोंदलेली होती आणि त्याच वयाची ६६.८ टक्के सरकारी शाळेत, दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. कुठलाही टक्का दिसला की आधी विचारायचं, कशाचे टक्के भाऊ? उत्तर मिळालं नाही तर तो आकडा पुढे ढकलायचा नाही.

मी नागपुरात एका छोट्या संस्थेसाठी हे आकड्यांचं काम करतो, शिक्षक नाही, एक्सेलवाला आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बहुतेक स्वतः तोंडघशी पडून शिकलेलं आहे.

"सरकारी" म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात मोठा घोळ हाच आहे म्हणून इथे जरा थांबतो. काही वर्षांपूर्वी मी राज्याराज्यांचा एक बार चार्ट बनवला, सरकारी शाळेतल्या मुलांचं प्रमाण, उतरत्या क्रमाने. बिहार-झारखंड वर, महाराष्ट्र आणि केरळ पार खाली. खाली मोठ्या हौसेने लिहिलं की पुढारलेल्या राज्यात सरकारी शाळा ओस पडत आहेत. तो घेऊन रामटेक तालुक्यात एका मीटिंगला गेलो, तिथे एक केंद्रप्रमुख मॅडम होत्या, त्यांनी चार्ट पाहिला, काही बोलल्या नाहीत, चहा संपल्यावर मला ऑफिसच्या कपाटाकडे घेऊन गेल्या आणि एका शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. जाड पुठ्ठ्याचं, पानांच्या कडा काळ्या झालेल्या. म्हणाल्या, "सर, शाळा सोडल्याचं कारण, हा कॉलम वाचा फक्त."

एकामागून एक नाव, आणि प्रत्येकापुढे त्याच निळ्या शाईत तेच तेच, पुढील शिक्षणाकरिता, पुढील शिक्षणाकरिता, पुढील शिक्षणाकरिता. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग चौथ्यापर्यंतच. त्याच्या पुढे शिकायचं तर मोठ्या गावच्या हायस्कूलात जायचं आणि ते हायस्कूल खाजगी अनुदानित. इमारत संस्थेची, पण मास्तरांचा पगार शासनाचा. माझ्या चार्टमधे ती सगळी मुलं सरकारी शाळा "सोडून" गेलेली होती, आणि मॅडमच्या हिशोबाने ती एका शासकीय पगाराच्या मास्तराकडून दुसऱ्याकडे गेली होती.

महाराष्ट्रात हे सगळीकडे असंच आहे. प्राथमिकला जिल्हा परिषद आणि मनपा, माध्यमिकला बहुतांश अनुदानित संस्था. आपल्या नागपुरातल्या महाल-इतवारीच्या जुन्या शाळा घ्या, किती घरांच्या तीन पिढ्या त्यात शिकल्या, कोणी त्यांना कॉन्व्हेंट म्हणेल का? केरळात तर अनुदानित शाळा सरकारी शाळांपेक्षा जास्त आहेत आणि तिथलं सरकार आकडे सांगताना दोन्ही मिळूनच सांगतं. आता ज्या राज्यात अनुदानित हा प्रकार नावालाच आहे त्याच्या शेजारी केरळ ठेवून नुसतं "सरकारी" मोजलं तर काय निघणार?

उपाय सोपा आहे. यूडायसमधे (देशातल्या सगळ्या शाळांची केंद्राकडची माहिती) शाळेचं व्यवस्थापन वेगवेगळं दिलेलं असतं, सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित असं. तीन वेगळे रंग वापरा, एकच पट्टी काढू नका. त्या ऑगस्टच्या सर्व्हेतसुद्धा ५५.९ सरकारी आणि ३१.९ खाजगी विनाअनुदानित आहे, बेरीज करून पहा, शंभर होत नाही. मधला जो तुकडा उरतो त्यात मुख्यतः अनुदानितवाले बसलेत आणि आपल्या राज्यासाठी तोच तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय आपल्याकडे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वेगळ्या, त्यातही शासकीय आणि अनुदानित असे दोन प्रकार, गडचिरोली किंवा देवलापार पट्ट्याचं काम करताना नुसत्या झेडपीच्या यादीवर राहिलात की ही पोरं गायब. आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत लागलेलं मूल खाजगीत मोजलं जातं, त्याची फी शासन भरतं (निदान भरायची असते).

शंभरच्या वर आकडा आला म्हणजे फाईल बिघडली नाही

नवीन माणूस हमखास इथे अडकतो. जीईआर (ढोबळ पटनोंदणीचा टक्का) १०३ आलं, फॉर्म्युला चुकला वाटते म्हणून बिचारा रात्रभर बसतो. जीईआरमधे वर त्या वर्गात नोंदलेली सगळी मुलं असतात, वय काही का असेना, आणि खाली फक्त त्या वयोगटाची लोकसंख्या. उशिरा दाखल झालेली, मागे राहिलेली, पाचव्या वर्षीच पहिलीत घातलेली, सगळी वरच्या बाजूला. मेघालयचं प्राथमिकचं जीईआर म्हणूनच शंभरच्या पुष्कळ वर दिसतं, तिथे वय उलटून गेलेली मुलं खालच्या वर्गात बरीच असतात. ते पाहून मेघालय देशात पहिला असं कृपया लिहू नका, मी वाचलंय असं. नेमक्या वयाची मुलं किती हे हवं असेल तर एनईआर (निव्वळ पटनोंदणीचा टक्का) बघायचं.

पण खरी गंमत छेदात आहे. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतरचे सगळे वयोगट हे अंदाज आहेत, २०११ वरून पुढे ओढलेले. राज्यापुरतं ते कसंबसं चालतं, पण तुम्ही तालुका किंवा गावावर उतरलात की संपलं. नागपूरला चिकटलेलं बेसा-बेलतरोडी घ्या. २०११ ला ती गावं होती, आता तिथे फ्लॅटच फ्लॅट, सकाळी सात वाजता स्कूल व्हॅनमुळे रस्ता जाम. वरच्या बाजूला आजची पोरं, खाली तेव्हाचं गाव, मग टक्का दोनशे आला तर नवल काय? उलटं पण होतं. हिंगणा, कामठीकडच्या गावातली मुलं व्हॅनमधे बसून नागपूरच्या कॉन्व्हेंटात येतात, राहतात एका तालुक्यात आणि पटावर दुसऱ्याच्या. चंदीगडची तीच कथा, पंजाब-हरियाणातली मुलं तिथल्या शाळेत असली की ती वर धरली जातात, खाली नाही. म्हणून शहर आणि त्याला चिकटलेले तालुके वेगळे दाखवण्यात काही अर्थच नसतो, एकत्र धरा, नाहीतर टक्का सोडून नुसती पटसंख्या द्या. मी हल्ली तालुक्याखाली टक्का काढतच नाही. क्लायंट चिडतो, चिडू द्या.

शहर-गावाचा फरक आहेच, तोही मोठा. त्याच सर्व्हेत ग्रामीण भागातली ६६ टक्के मुलं सरकारी शाळेत आणि शहरी भागातली ३०.१ टक्के. म्हणजे दोन राज्यांमधे दिसणारा बराचसा फरक हा खरं तर शहरीकरणाचा असू शकतो, तिथल्या शाळा चांगल्या की वाईट हे त्यावरून कळत नाही. ग्रामीणला ग्रामीण आणि शहरीला शहरी लावून पहा. आणि असर फक्त ग्रामीण आहे हे विसरून त्याचा आकडा नागपूर शहराला लावणारे तर पायलीला पन्नास.

सरासरीची सरासरी

समजा एका तालुक्यात १,००० मुलं, त्यातली ९० टक्के सरकारी शाळेत. दुसऱ्यात ९,००० मुलं, ३० टक्के. आपण काय करतो, ९० आणि ३० ची सरासरी ६० आणि चहा प्यायला उठतो. प्रत्यक्षात मुलं होतात ९०० अधिक २,७००, म्हणजे १०,००० पैकी ३,६००, बरोबर ३६ टक्के. टक्के मिळवायचे नाहीत, मुलं मिळवायची.

वर्षांची तुलना करताना

यूडायस प्लसमधे २०२१-२२ ला देशाची एकूण पटसंख्या २६.५२ कोटी होती, २०२२-२३ ला २५.१८ कोटी. एका वर्षात सव्वा कोटीच्या वर मुलं गेली कुठे? त्या वर्षापासून मोजायची पद्धत बदलली, आधी शाळा एकगठ्ठा आकडा भरायची, आता एकेका विद्यार्थ्याची नोंद आधारसकट जाते. दोन ठिकाणी नाव असलेली गळाली, काही खोटी गळाली असतील, आणि काही खरी पण लटकली कारण आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं नाहीतर जन्मतारीख वेगळी. आपल्या संचमान्यतेत (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं त्यात) तर आधार व्हॅलिड नसलेलं मूल धरत नाहीत, वर्गात रोज डोळ्यासमोर बसतं तरी. (खोट्या पटाचं आपल्या राज्याला नवीन नाही, २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली होती, बोटाला शाई लावून मुलं मोजली होती.) तेव्हा २०२१-२२ आणि २०२२-२३ च्या मधे एक जाड रेघ ओढा. त्यानंतरचे आकडे, २०२३-२४ चे २४.८० कोटी, २०२४-२५ चे २४.६९ कोटी, हे एकमेकांशी लावून बघता येतात.

कोरोनाचं वर्ष मधे आलं तरी असाच चकवा होतो. असरमधे ग्रामीण सरकारी शाळेतली मुलं २०२२ ला ७२.९ टक्के, २०२४ ला ६६.८. हेडिंग काय झालं, सरकारी शाळांना गळती! आता २०१८ चा आकडा ठेवा शेजारी, ६५.६. लॉकडाऊनमधे फी परवडेना, गल्लीबोळातल्या छोट्या कॉन्व्हेंट बंद पडल्या, लोक झेडपीत आले आणि परिस्थिती सुधारल्यावर परत गेले.

जिल्हा फुटला का तेही बघून घ्या. तेलंगणात १० चे ३३ जिल्हे झाले, आपल्याकडे ठाण्यातून पालघर निघाला, जुन्या नावाला नवीन आकडा जोडला की एका वर्षात निम्मी मुलं उडालेली दिसतात. यूडायस कोड ११ अंकी असतो, पहिले दोन राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, आपला नागपूर २७०९. फाईल जोडताना नावावर जोडू नका, कोडवर जोडा, आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा, नाहीतर ज्या राज्यांचा कोड शून्याने सुरू होतो त्यांचा शून्य एक्सेल खाऊन टाकतं. माझा जम्मू-काश्मीर दोनदा हरवलाय असा.

शेवटचं, तारीख. पट पूर्वापार ३० सप्टेंबरचा धरतात. विदर्भात त्या वेळी पोरं गावातच असतात, दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जायला लागतात, काही घरं लेकरांसकट. एका फेब्रुवारीत मी चंद्रपूरकडच्या एका शाळेत गेलो होतो, माझ्या शीटमधे पट भरलेला आणि वर्गात मागच्या दोन रांगा रिकाम्या. गुरुजींनी हजेरीपटावर पेन्सिलीने बारीक "मि", म्हणजे मिरची, लिहून ठेवलं होतं, पेनने का नाही विचारलं तर म्हणाले, "होळीपर्यंत येतात ना बाप्पा, मग खोडतो."