तलवार खुंटीला टांगताना

व्हिडिओ गेममध्ये शेवटचा शत्रू पडतो आणि गेम आपल्या हिरोला पुन्हा रस्त्यावर आणून उभं करतो. बहुतेक जण इथेच गेम काढून टाकतात. मी माझ्या हिरोंना संसाराला लावते. आजवर दोघांना लावलं: 'स्कायरिम'मधली माझी धनुर्धारी बाई आणि 'विचर ३'चा राक्षस मारणारा गेराल्ट.

आधी गेम नीट निवडा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये ३००० रुपी (तिथलं चलन) आणि लाकडाच्या ३० मोळ्या देऊन हातेनो गावात छान घर मिळतं. पण शेवटच्या शत्रूला, गॅननला, हरवल्यावर सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) उघडली, की लढाईच्या आधीचीच वेळ! संकट किल्ल्यात तसंच बसलेलं. अशा गेममध्ये कसली आलीय निवृत्ती?

'स्कायरिम'मध्ये शेवटची लढाई संपली की एक वेगळी सेव्ह करा. मग जर्नल उघडून सगळ्या क्वेस्टवरच्या, म्हणजे गेमने दिलेल्या कामांवरच्या, खुणा काढून टाका, म्हणजे वाट दाखवणारे बाण दिसेनासे होतात. 'उरलेली कामं उरकते आणि मग थांबते' असं म्हणू नका. मी म्हटलं होतं, तीन आठवडे गेले. तिथली काही कामं गेम नव्याने तयार करतच राहतो, ती संपणारी नाहीत.

आता घर. २०१२ च्या 'हार्थफायर' या 'स्कायरिम'च्या पुरवणीमध्ये जमीन घेऊन स्वतः घर बांधता येतं. मी तळ्याकाठी हौसेने बांधलं, आणि कधी दारात राक्षस, कधी तळघरात उंदीर. संसार करायचाय की पहारा? शेवटी व्हाइटरन गावाच्या तटबंदीच्या आतलं ब्रीझहोम हे तयार घरच बरं वाटलं. किंमत ५००० सुवर्णमुद्रा. त्याच गावात लुसिया नावाची अनाथ मुलगी भीक मागत असते. घरात मुलांची खोली असेल तरच तिला दत्तक घेता येतं, आणि ब्रीझहोममध्ये ही खोली करायची तर औषधं बनवायची जागा जाते. दोन्ही एका घरात बसत नाहीत. मी दोन दिवस ते टेबल बघत होते. विषारी बाण, बरं करणारे काढे, सगळं तिथेच बनलेलं. मग काढून टाकलं.

चिलखत आणि धनुष्य पेटीत ठेवा, साधे कपडे घाला. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून झटक्यात पोचणं) बंद, रात्री झोपायचं. ड्रॅगन मात्र मुख्य गोष्ट संपल्यावरही येतात, म्हणून गावाबाहेर जाणं कमी करा. पोटापाण्यासाठी लाकडं फोडा. एका ओंडक्याला ५ मुद्रा मिळतात. म्हणजे ब्रीझहोमसाठी १००० ओंडके! हा हिशेब केल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आजवर गुहांमधून किती फुकटचा पैसा उचलला होता. लग्न केलं असेल तर जोडीदार दुकान काढतो आणि रोज १०० मुद्रा देतो. मी घेते, लाज नाही वाटत.

गेराल्टचं सोपं आहे. 'विचर ३'च्या २०१६ च्या 'ब्लड अँड वाइन' या पुरवणीमध्ये त्याला कोर्वो बियांको हा द्राक्षमळाच मिळतो. घर दुरुस्त करा, पलंग सुधारा, तलवारी स्टँडवर लावा. सूचनाफलकाकडे फिरकू नका, तिथे राक्षस मारायची कामं चिकटवलेली असतात. ग्वेंट हा तिथला पत्त्यांचा खेळ खेळायला हरकत नाही. एक मात्र आधीच सांगते: शेवटी मळ्यावर कोण भेटायला येणार हे मूळ गेममधल्या तुमच्या वागण्यावर ठरतं. तिथे प्रेमात दोन्ही डगरींवर पाय ठेवला असेल तर आता रडून उपयोग नाही. माझ्याकडे गेराल्टचा मित्र, कवी डँडेलियन आला.

परवा लुसियाने एक स्कीव्हर, म्हणजे तो कुत्र्याएवढा उंदीर, घरी आणला आणि पाळू का विचारलं. त्या जातीचे शेकडो मी मारलेत. पेटीकडे एकदा बघितलं आणि 'हो' दाबलं.