काळ्या गाडीवरचं जाळं: मशीन पॉलिश घरी कसं करावं

रात्री पेट्रोल पंपावर गाडी थांबली की बॉनेटमध्ये वरच्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. गाडी काळी, गडद निळी किंवा गडद लाल असेल, तर त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा बारीक गोल रेघा चमकतात. डोकं हलवलं की जाळंही सरकतं. खरं तर त्या रेघा गोल नसतातच. ओरखडे वाट्टेल त्या दिशेने गेलेले असतात. त्यांतले प्रकाशाला आडवे जाणारे तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कुणी वर्तुळं काढल्यासारखी वाटतात. पांढऱ्या गाडीवरही असे ओरखडे असतात, पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश परतवतो की ते त्यात खपून जातात. काळ्या रंगात काहीच खपत नाही.

हे ओरखडे बहुतेक आपल्या डोळ्यांदेखत पडतात. सोसायटीतल्या दहा-पंधरा गाड्या, त्यांना मिळून एक बादली आणि जुन्या बनियनचा एक फडका. शिवाय सकाळी ऑफिसला निघताना आपण स्वतः कोरड्या कापडाने झटकलेली धूळ. आसपास बांधकामं चालू असतील तर त्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळू गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. म्हणून मशीन घ्यायच्या आधी फडक्याचा बंदोबस्त करा. नाहीतर शनिवार-रविवार घाम गाळून घालवलेलं जाळं दोन महिन्यांत परत विणून तयार.

आधी रंग ओळखा

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर खाली प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण केसापेक्षाही पातळ पापुद्र्यावर काम करणार आहोत. जाळ्याचे ओरखडे या पापुद्र्याच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये असतात. पॉलिश त्यांना कायमचं ‘भरत’ नाही; आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारी रसायनंही याच थरात असतात. दर तीन महिन्यांनी ‘रबिंग-पॉलिश करून घ्या’ असं कुणी सांगितलं, तर हसून विषय बदलावा.

नख आडवं फिरवून बघा. ओरखड्यात नख अडकलं, तर तो पॉलिशने जाणार नाही; फार तर त्याच्या कडा बोथट होऊन तो कमी दिसेल. त्याच्या मागे लागून क्लिअर कोट फोडू नका. जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडर असेल, तर तिला बहुतेकदा क्लिअर कोट नसतोच. पॉलिश करताना पॅडला गाडीचा रंग लागला की समजावं, थेट रंगावर काम चालू आहे. घाबरायचं कारण नाही, हात मात्र हलका ठेवावा.

अपघातानंतर रंगवून घेतलेला पत्रा वेगळा वागतो. जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर सगळ्या गाडीवर फिरवून घ्या. एका दारावर १२० आणि शेजारच्यावर २५० दिसलं, तर ते दार नंतर रंगवलेलं आहे. त्याहून बराच मोठा आकडा आला तर खाली पुट्टी आहे. लोखंडी पत्र्यावर चालणारं साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे अंदाजानेच जावं लागतं. जेवढं माहीत नाही तेवढं कमी घासावं, हा हिशोब बरा.

मशीन कुठलं

रोटरी मशीन एकाच आसाभोवती फिरतं. जोरदार कापतं, पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं की तिथला रंग तापतो आणि कडेवर तर सरळ प्रायमर दिसतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी मधल्या आसापासून सरकून छोट्या वर्तुळात डुलतो, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाब दिला तर पॅड फिरायचा थांबतो, म्हणजे चूक झाली तर मशीनच हात वर करतं. पहिल्यांदा करणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शनच घ्यावं. ८ मिलिमीटर डुलणारं चालेल, १५ मिलिमीटरवालं असेल तर बॉनेट आणि छप्पर लवकर उरकतं. त्याला पॅड चिकटवायची ५ इंची प्लेट बसवा. हार्डवेअरच्या दुकानातल्या ४ इंची ग्राइंडरला स्पंज लावून हे काम करायला जाऊ नका. तो मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. लोखंड कापायला बनवलेला आहे.

पॅड फोमचे, मायक्रोफायबरचे आणि लोकरीचे मिळतात. गडद रंगाला फोम बरा. कापणारा, मधला आणि शेवटचा हात देणारा मऊ, असे तीन दर्जे असतात. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा केशरी दुसऱ्या कंपनीच्या केशरीपेक्षा कितीतरी कडक निघतो. पाकिटावरचं वाचा. मधल्या दर्जाचे निदान चार पॅड हवेत, एकाच पॅडवर अख्खी गाडी काढता येत नाही. पातळ द्रवांत कंपाउंड म्हणजे जास्त कापणारं आणि पॉलिश म्हणजे कमी कापून चमक आणणारं. दोन्हीची लहान बाटली पुरे.

धुणं आणि चिकणमाती

गाडी सावलीत घ्या. बेसमेंटचं पार्किंग उत्तम, फक्त आधी पाणी शिंपडून झाडून घ्या. पत्र्यावर तळहात ठेवला तर थंड लागला पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हातून आणलेल्या बॉनेटवर कंपाउंड टाकताच वाळतं.

आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली धुवा. बोअरवेलचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात आणि ते काढणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. चाकांच्या मागच्या भागावर लोखंडाचे कण काढणारं रसायन मारा. ब्रेकच्या पॅडमधून उडून रुतलेल्या कणांशी ते लागलं की जांभळं पाणी ओघळतं. वाळायच्या आत धुऊन टाका.

आता हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागतो. तो रवा क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, काढायचा. पत्र्यावर क्लेसाठी मिळणाऱ्या निसरड्या द्रवाचा भरपूर फवारा मारायचा आणि क्लेचा चपटा तुकडा सरळ रेषेत हलकेच फिरवायचा. तो मळला की कणकेसारखा दुमडून आतली स्वच्छ बाजू बाहेर घ्यायची. क्ले जमिनीवर पडला तर सरळ कचऱ्यात. त्याला चिकटलेली वाळू डोळ्यांना दिसत नाही, काळ्या रंगाला दिसते.

रबरी पट्ट्या, रंग न दिलेलं काळं प्लॅस्टिक, पाण्याचे नोझल आणि पत्र्याच्या धारदार दुमडी यांवर मास्किंग टेप लावा. पॅकिंगची तपकिरी टेप नको, तिचा गोंद मागे उरतो. खरबरीत काळ्या प्लॅस्टिकमध्ये एकदा पांढरं कंपाउंड बसलं की टूथब्रश घेऊन बसायची वेळ येते. दुमडींवर टेप लावायची ती वेगळ्या कारणाने: तिथे क्लिअर कोट मुळातच पातळ असतो.

चाचणीचा चौकोन

हीच पायरी सगळ्यांत जास्त लोक गाळतात. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन आखा आणि सगळ्यांत सौम्य जोडीपासून सुरुवात करा: मऊ किंवा मधला पॅड आणि पॉलिश. काम झाल्यावर पुसून टॉर्च मारा. जाळं गेलं असेल तर संपूर्ण गाडीला हेच. उरलं असेल तर पॅड बदला. तरीही उरलं तरच कंपाउंड. काही कंपन्यांचा क्लिअर कोट इतका मऊ असतो की नुसत्या पॉलिशने काम होतं, काहींचा इतका चिवट की घाम काढतो. ते गाडीच सांगते, बाटलीवरचं लेबल नाही.

टॉर्च मारण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. १०० मिली अल्कोहोलला ५०० ते ६०० मिली बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, स्प्रेच्या बाटलीत. हे का, ते मी पैसे मोजून शिकलो आहे. माझी पहिली काळी गाडी दसऱ्याच्या आधी एका गॅरेजात रबिंगला दिली होती. पूजेच्या दिवशी बॉनेटमध्ये आंब्याच्या डहाळीचं पान न् पान दिसत होतं. दुसऱ्या धुण्याला जुनं जाळं परत वर आलं, आणि सोबत रोटरीने ओढलेल्या धुरकट लाटाही, ज्या फक्त उन्हात दिसायच्या. पॉलिशमधल्या तेलाने ओरखडे तात्पुरते भरले होते, एवढंच. अल्कोहोल ते तेल काढून टाकतं आणि खरं चित्र दाखवतं.

मशीन चालवताना

नव्या पॅडवर पॉलिशचा पातळ हात बोटाने सगळीकडे पसरवा. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर ठेवा, वेगाच्या १ किंवा २ नंबरवर द्रव चौकोनभर पसरवा. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर तीच पत्र्यावर घासत राहते. आता ४ किंवा ५ नंबरवर नेऊन काम सुरू.

हात अगदी सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. नवख्या माणसाला हे असह्य हळू वाटतं आणि तो पोछा मारल्यासारखा मशीन पळवतो. तसं केलं तर आवाज होतो, काम होत नाही. अंगण सारवताना प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढवतात, तसा प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवायचा. एकदा आडवे पट्टे, एकदा उभे, असे चार ते सहा फेरे. पॅड पत्र्यावर पूर्ण सपाट हवा. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा: रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. ती जागच्या जागी थरथरत असेल तर दाब जास्त झाला किंवा पॅड तिरका धरला आहे. शेवटच्या दोन फेऱ्यांना फक्त मशीनचं वजन पुरे. पत्र्यावरून उचलायच्या आधी मशीन बंद करा, नाहीतर भिंत, टायर आणि तुमचा शर्ट सगळ्यांना पॉलिश होईल.

मऊ मायक्रोफायबरने पुसा. त्याचा शिवलेला टॅग आधीच कापून टाका, मऊ काळ्या रंगावर तोही रेघ ओढतो. प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडा. निघालेला क्लिअर कोट आणि जुनं पॉलिश त्यात साठून त्याची ढेप होते, आणि मग ‘मशीन कापत नाही’ अशी तक्रार सुरू होते. दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदला.

बंपर आणि आरशांची टोपणं प्लॅस्टिकची. ती उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाहीत, म्हणून तिथे वेग एक नंबर कमी आणि फेरे निम्मे. दाराच्या मुठीमागची नखांची ओरबाड हातानेच काढा. छप्पर कुणी बघत नाही म्हणून सोडायचा मोह होतो. वरच्या मजल्यावरचे शेजारी बघतात.

कंपाउंड वापरलं असेल तर गडद रंगावर हलकं धुकं राहतं. ते मऊ पॅड आणि पॉलिशने पुन्हा एक फेरी केल्याशिवाय जात नाही. पांढऱ्या गाडीला ही फेरी टाळता येते, काळीला नाही. पहिल्या वेळी हॅचबॅकलाही पूर्ण दोन दिवस धरा.

त्यानंतर

पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसून त्याच दिवशी सीलंट (रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर) किंवा वॅक्स लावा, अगदी पातळ. वॅक्स आपल्या उन्हाळ्यात फार टिकत नाही, सीलंट काही महिने जातं. सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ, पण फडक्याच्या ओरखड्यांपासून तेही गाडीला अभेद्य करत नाही, आणि खाली जाळं राहिलं असेल तर त्यावरच झाकण बसतं.

आमच्याकडे गाडी धुणारे काका पंधरा वर्षं सोसायटीत आहेत. पॉलिशनंतर मी त्यांना म्हटलं, “काका, उद्यापासून पत्र्याला फडका लावू नका. फक्त चाकं आणि काचा.” त्यांना वाटलं, काम सुटलं. महिन्याचे पैसे तेवढेच राहतील असं दोनदा सांगावं लागलं. आता रविवारी दोन बादल्या घेऊन मी धुतो. ते शेजारच्या गाडीवर फडका मारता मारता बघत असतात, आणि माझा एखादा कोपरा राहिला की तिथूनच सांगतात.