वडिलांच्या निधनानंतर गाडी नावावर करताना: आधी आरसी की आधी विमा?

अडचण अशी: विमा कंपनी म्हणे आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) तुमच्या नावावर आणा, आरटीओ म्हणे आधी चालू विमा दाखवा. एजंटाने गाडी विकताना लागणारे फॉर्म २९ आणि ३० हातात ठेवले. त्यावर विकणाऱ्याची सही लागते. आता ती कुठून आणायची? डोकं अक्षरशः भणभणलं.

लागतो फॉर्म ३१, वारसासाठीचा. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला लेखी कळवायचं (पोच घ्याच), म्हणजे ३ महिने गाडी वापरता येते. त्याच ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. सोबत मृत्यू दाखला, मूळ आरसी, पीयूसी, माझं प्रतिज्ञापत्र, आई आणि बहिणीचं ना-हरकत पत्र. विम्याच्या जागी बाबांच्याच नावाची, मुदत न संपलेली पॉलिसी जोडली आणि ती चालली. गाठ तिथेच सुटली.

नवी आरसी आल्यावर विमा कंपनीकडे अर्ज केला. वारसाला नो क्लेम बोनसही (आधी क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मिळतो, पण तो मागावा लागतो. दरम्यान मुदत संपत आली तर मृत व्यक्तीच्या नावाने गुपचूप नूतनीकरण करू नका, क्लेमच्या वेळी अडकाल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र वेगळं.